थ्रॉटलविषयी मालकांचे अभिप्राय

२ डिसेंबर

धाकट्याच्या उजव्या पायावर आज दुसरी शस्त्रक्रिया झाली. घोट्यात एक पट्टी आणि सहा स्क्रू. हाड जुळेल, पण घोटा पूर्ववत वाकणार नाही, असे डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर सांगितले. माझा हा भाऊ लाइनमन आहे. एकवीस वर्षे विजेच्या खांबांवर चढतो आहे. त्या वाक्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

डॉक्टर गेल्यावर तो छताकडे पाहत म्हणाला, "दादा, माझंच चुकलं रे. वळणावर जास्त दाबलं."

हे खरे नाही, आणि ते खरे नाही हे लिहून ठेवण्यासाठीच मी ही वही आजपासून सुरू करीत आहे. सत्तावीस नोव्हेंबरला सकाळी साडेसात वाजता, जुन्या खाणीजवळच्या मोकळ्या मैदानावर, मी पन्नास पावलांवर उभा होतो. थंडी कडक होती. धाकटा आमच्या क्वाडवर, म्हणजे चार जाड चाकांच्या मोटारसायकलवर, होता. वळणाआधी त्याने थ्रॉटलवरचा, वेग वाढवणाऱ्या खटक्यावरचा, अंगठा उचलला. पुढे तर त्याने अख्खा हात उचलून हँडलवर आपटलेला मी पाहिला. तरीही इंजिनाचा आवाज खाली आला नाही. क्वाड सरळ दगडांच्या ढिगावर गेली आणि उलटून त्याच्या पायावर पडली. थ्रॉटल अडकला होता. याला दुसरा अर्थ नाही.

६ डिसेंबर

मिस्त्रीने तपासणीचा कागद दिला. "वाहनात दोष आढळला नाही. चालकाची चूक." खाली सही, शिक्का. हा मिस्त्री कंपनीचे अधिकृत दुरुस्ती केंद्र चालवतो. दारावर तसा निळा बोर्ड आहे. त्या बोर्डामुळेच आसपासच्या सर्व क्वाड त्याच्याकडे येतात.

मी विचारले, "तुम्ही थ्रॉटल उघडून पाहिलात?"

"पाहिला, साहेब."

"आणि?"

"आणि काही नाही. लिहिलंय की."

"तो अडकला होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

तो फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. मग म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब. पाय बरा होऊ द्या आधी त्यांचा."

कागदाच्या गोदामात मी बावीस वर्षे भांडार अधिकारी आहे. माझ्या अनुभवात ज्याच्या गाडीत माल कमी भरतो, तोच 'जाऊ द्या' म्हणतो. परत येताना मी त्या निळ्या बोर्डाकडे वळून पाहिले. तो बोर्ड उतरवून घेतल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

८ डिसेंबर

उद्या कोणी मालकाच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवेल, म्हणून माझी बाजू आधीच स्पष्ट करून ठेवतो. ही क्वाड आम्ही दोघांनी मिळून सव्वा वर्षापूर्वी घेतली. तो चालवतो, मी सांभाळतो, अशी वाटणी. दर रविवारी मी स्वतः टायरची हवा, चेनचा ताण, ब्रेकचे तेल आणि हवेची जाळी तपासत असे. थ्रॉटलच्या केबलला वंगण देण्याचा उल्लेख कंपनीच्या पुस्तिकेत कुठेही नाही. ही पुस्तिका लिहिणाऱ्याची चूक आहे असे ठरवून मी ती दुरुस्त केली होती. गोदामाच्या शटरांना जे पांढरे ग्रीस मी वापरतो (बावीस वर्षांत एकही शटर कुरकुरलेले नाही), तेच पिचकारीने या केबलमध्ये दर पंधरवड्याला भरत आलो. असे असताना केबल अडकते, याचा अर्थ दोष मुळातच होता आणि मिस्त्री तो झाकतो आहे.

सौ.ला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "सगळं लिहिलंत ते बरं केलंत." तिच्या स्वरात काहीतरी होते. मी विचारले नाही.

१५ डिसेंबर

प्रश्नावली तयार झाली. आठ प्रश्न: ओढ, वळणावरची पकड, ब्रेक, इंजिन तापणे, पहिल्या प्रयत्नात चालू होणे, सुटे भाग, थ्रॉटल, आणि मिस्त्रीचे काम. आमच्याच नमुन्याच्या आणखी तेरा क्वाड या भागात आहेत. तेरा मालक एका सुरात बोलले, तर कंपनीला ऐकावेच लागेल.

२० डिसेंबर

बेकरीवाल्यापासून सुरुवात केली. हा गृहस्थ दर रविवारी खाणीजवळ भेटतो. पाव भट्टीतून काढता काढता उत्तरे देत होता.

"ओढ? खालून झकास ओढते. चढावर वरच्या वेगात गेली की दम लागतो. माझ्यासारखंच."

"इंजिन तापते?"

"उजवी मांडी भाजून निघते. पण माझा जन्म भट्टीपुढे गेलाय, मला काय त्याचं!"

"थ्रॉटल कधी अडकला?"

"छे. लोण्यासारखा चालतो. मिस्त्रीनं गाडी देतानाच दम भरला होता, केबलला तेल-बिल काही लावायचं नाही, कोरडीच ठेवायची. मी तर हातच लावत नाही तिला. आळशी माणसाला असली गाडी बरी."

शेवटची माहिती महत्त्वाची आहे. मिस्त्री मालकांना देखभाल करण्यापासून परावृत्त करतो, म्हणजे सुटे भाग लवकर झिजावेत आणि त्याचा धंदा चालावा. अतिरिक्त मुद्दा म्हणून नोंद केली. आमची क्वाड ताब्यात घेतली त्या दिवशी मी कामावर होतो, धाकटा एकटाच गेला होता. नाहीतर मिस्त्रीचा हा उपदेश मी तिथेच खोडून काढला असता.

२८ डिसेंबर

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन रुग्णांच्या मधे सात मिनिटे दिली. "मागचा गिअर अक्कलदाढेसारखा आहे. हलवत राहा, हलवत राहा, मग एकदम येतो. बाकी तक्रार नाही. चार वर्षं झाली, एकदाही दगा दिला नाही."

"थ्रॉटल?"

"उत्तम. तुम्ही हे नक्की कशासाठी गोळा करताय?"

"वस्तुस्थितीसाठी."

"मग आधीच निकाल लिहून आणल्यासारखं का विचारताय?"

त्यांच्या अभिप्रायापुढे 'वापर मर्यादित' असा शेरा लिहिला.

७ जानेवारी

तेरापैकी अकरा झाले. प्रामाणिकपणे लिहायचे तर निकाल असमाधानकारक आहे. गिअर, बॅटरी आणि सुट्या भागांना लागणारा विलंब याबद्दल तक्रारी भरपूर मिळाल्या. थ्रॉटलबद्दल एकच, तीही 'कधीकधी जड वाटतो' एवढीच. मिस्त्रीच्या कामाविषयी नऊ जण चांगले बोलले. एकाने तर सांगितले की याने पावसात येऊन क्वाड चिखलातून काढून दिली. नऊ माणसांना एकाच वेळी भूल घालण्याची कला या माणसाकडे आहे.

धाकट्याला आज कार्यालयातून पत्र आले. खांबावरचे काम बंद. तक्रार नोंदणीच्या खिडकीत बसायचे. तो वाचून हसला आणि म्हणाला, "आता सावलीत बसायचं, दादा. लोक शिव्या देतील, आपण लिहून घ्यायच्या." कुबड्या सोडून उभे राहण्याचा त्याने प्रयत्न केला आणि त्याला मटकन खाली बसावे लागले. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो. मिस्त्री या वेळी काय करीत असेल? शीळ घालत कोणाची तरी चेन आवळत असेल.

११ जानेवारी

आज मिळाले.

रोपवाटिका चालवणाऱ्या नणंद-भावजयींची एक सामाईक क्वाड आहे. अर्धा तास तर चेन कोणी सैल केली यावरच गेला.

"वहिनी, तुम्हीच उड्या मारल्यात तिच्यावरून."

"मी? आणि तुम्ही काय पालखीत बसून जाता?"

मग भावजय माझ्याकडे वळली. "तुमची ती लाल ना? बघितली मी. अपघातानंतर दोन-तीन दिवसांनी गेले होते मिस्त्रीकडे. तुमची केबल काढून नवी घालत होता. जुनी मधोमध कापून बघितली, आणि मग फडक्यात गुंडाळून ठेवली."

मी पेन खाली ठेवले. तपासणीच्या कागदावर केबल बदलल्याचा एक शब्दही नाही. दोष नव्हता, तर केबल का बदलली? आणि बदलली, तर लपवली का? मी भावजयीला हे सर्व स्वतंत्र कागदावर लिहून सही करायला सांगितले. "अहो, मी सहज बोलले," ती म्हणाली. सही मात्र केली.

घरी परतताना मी गुणगुणत होतो, असे सौ. म्हणाली. असेन.

१४ जानेवारी

अहवाल पूर्ण. अकरा पाने. तेराही जणांच्या सह्या स्वतंत्र कागदावर घेऊन शेवटी जोडल्या. धाकट्याने सही करायला साफ नकार दिला, म्हणून चौदाव्या क्वाडतर्फे एकट्या माझी. समाधानी मालकांची मते 'इतर' या शीर्षकाखाली तीन ओळींत आली आहेत. याला काटेकोरपणा म्हणता येईल का, असा प्रश्न मनात आला. पण फिर्यादीने आरोपीची वकिली करायची नसते.

सौ. म्हणाली, "अहो, त्याला पाय गेल्याचं दुःख आहे आणि तुम्हाला कागद मिळाल्याचा आनंद."

टपालात टाकला.

३० जानेवारी

कंपनीचा तपासनीस आला. तक्रारदार म्हणून मला उपस्थित राहण्याची मुभा होती. तरुण, थंड स्वभावाचा, हातात माझा अहवाल. पानांच्या कडेला त्याने खुणा केल्या होत्या, हे पाहून बरे वाटले.

"केबल बदलली होती?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

"नोंद का नाही?"

मिस्त्रीने हातातला पाना जागेवर ठेवला.

"जुनी केबल कुठे आहे?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मी ती नजर नीट न्याहाळली, कारण या क्षणासाठी मी दोन महिने वाट पाहिली होती. तीत भीती असेल अशी माझी अपेक्षा होती. ती नव्हती. "फेकली," तो म्हणाला.

अपघातग्रस्त वाहनाचा भाग नोंद न करता बदलणे आणि नष्ट करणे. तपासनीसाने तिथल्या तिथे मान्यता रद्द केली. निळा बोर्ड मिस्त्रीलाच शिडी लावून उतरवायला सांगितले. चार स्क्रू होते. चौथा गंजलेला होता, त्याला वेळ लागला. मी शेवटपर्यंत थांबलो.

३१ जानेवारी

इतकी शांत झोप कित्येक आठवड्यांत लागली नव्हती.

४ फेब्रुवारी

धाकटा आज सकाळी काठी टेकत आमच्याकडे आला. दोन जिने चढून. बसला नाही. सौ.ने खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

"बोर्ड उतरवलास म्हणे त्याचा."

"कंपनीने उतरवला. मी केवळ वस्तुस्थिती—"

त्याने खिशातून फडक्याची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आत आमच्या केबलचे दोन तुकडे होते, उभे चिरलेले. आत पांढरट राखाडी, धूळ मिसळलेला, मेणासारखा घट्ट गोळा.

"ओळखीचं वाटतंय?"

मी एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"ह्या केबलला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. कोरडीच पळते ती. ग्रीस घातलं की धूळ धरते, थंडीत गोठते. मिस्त्रीनं गाडी देताना सांगितलं होतं मला. मी तुला सांगितलं नाही. कोण सांगणार तुला? तू पुस्तिकेच्या चुका काढणारा माणूस. म्हटलं, घालतोय मायेनं तर घालू दे, काय होतंय." त्याचा श्वास लागला होता. "दवाखान्यात त्यानं मला हे आणून दाखवलं, आणि मी ते ठेवून घेतलं. मी हात जोडले त्याच्यापुढे. म्हटलं, दादाला कळलं तर तो मरून जाईल. माझी चूक लिही. त्यानं लिहिली. एवढाच त्याचा गुन्हा."

"मला आधी सांगायला हवे होते."

"पाय मी तुला पहिल्याच दिवशी माफ केला होता, दादा. बोर्ड नाही करणार."

जिना उतरताना काठीचा आवाज मी मोजला. एकतीस पायऱ्या.

५ फेब्रुवारी

संताप ओसरत नाही. ग्रीसमुळे घडले, हे अद्याप सिद्ध झालेले नाही; परंतु त्या दोघांनी मिळून माझ्याविषयी एक निर्णय घेतला, हे सिद्ध झाले आहे. त्यांनी ठरवले की मला सत्य पेलणार नाही. भावाने आणि एका मिस्त्रीने माझी कीव केली! बावीस वर्षांत माझ्या हाताखालच्या कारकुनानेही माझ्यापासून काही लपवण्याचे धाडस केले नाही. दोघेही चुकीचे आहेत, हे मी दाखवून देईन. सौ.ला ही केबल आधीपासून ठाऊक होती का, असे विचारले. ती म्हणाली, "केबल नाही. तुम्ही ठाऊक होतात."

९ फेब्रुवारी

दुसऱ्या शहरातून दोन नव्या केबल मागवल्या. एक कोरडी ठेवली. दुसरीत तेच ग्रीस, त्याच पिचकारीने, त्याच प्रमाणात. दोन्हींना सारखी स्प्रिंग लावून गॅलरीत बांधल्या. खालचा रस्ता खोदलेला आहे, त्यामुळे धुळीची वानवा नाही. रोज सकाळी साडेसात वाजता दोन्ही ओढून सोडायच्या, आणि परत येतात की नाही ते लिहायचे.

१० फेब्रुवारी

कोरडी: परत आली. ग्रीसची: परत आली. (हे धाकट्याला कळवण्याचा मोह झाला.)

१३ फेब्रुवारी

कोरडी: परत आली. ग्रीसची: परत आली, किंचित सावकाश.

१७ फेब्रुवारी

कोरडी: परत आली. ग्रीसची: मोजून दोन सेकंद.

२० फेब्रुवारी

थंडी परतली आहे. कोरडी: परत आली. ग्रीसची: परत आली नाही.

मी पुन्हा ओढली. परत आली नाही. मी गॅलरीत उभा राहून तिच्याकडे पाहत होतो. अर्ध्यावर, ताणलेली, जणू कोणाचा तरी अंगठा अजून दाबलेला आहे. सौ. आतून दोनदा म्हणाली, चहा निवतोय. गोदामात आज पहिल्यांदा उशिरा पोचलो.

२२ फेब्रुवारी

कंपनीला पत्र लिहिले. गुन्हेगार सापडला आहे आणि तो मीच आहे, असे सविस्तर, प्रयोगाच्या तक्त्यासह. या माणसाला मी कोणतीही सवलत दिली नाही. मिस्त्रीविरुद्धच्या अहवालापेक्षा हा मसुदा कठोर झाला आहे, आणि खरे सांगायचे तर लिहिताना तितकीच तलफ होती.

४ मार्च

कंपनीचे उत्तर: पहिल्या अहवालावर ज्यांच्या सह्या होत्या त्या सर्वांनी, तसेच चौदाव्या क्वाडच्या संयुक्त मालकानेही, सुधारित निवेदनावर सही केल्यास फेरविचार होईल. म्हणजे तेरा दारे पुन्हा, आणि एक नवे.

८ मार्च

बेकरीवाला आधी खदखदून हसला. मग निवेदन शेवटपर्यंत वाचून थांबला. "अरेरे. म्हणजे तुम्ही जितकं जपलंत तितकं..." वाक्य त्याने पुरे केले नाही. पिठाच्या बोटांनी सही केली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धाडस केलंत असं म्हणणार नाही मी. ज्याच्या दारावरचा बोर्ड गेला त्याला म्हणू द्या." सही केली.

रोपवाटिकेत भावजयीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या तोंडामुळे गेला त्याचा बोर्ड?"

"नाही. माझ्या अहवालामुळे."

नणंद तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, सही करा आणि आत चला. ह्यांच्याशी बोलायचं नाही आज."

१६ मार्च

तेरा झाल्या. मिस्त्रीकडे गेलो. दारावर जिथे बोर्ड होता तिथे भिंतीचा फिकट चौकोन आणि चार भोके. आत एकच स्कूटर उभी होती. त्याने निवेदन उभ्याउभ्या वाचले.

"पाठवा," तो म्हणाला. "थांबवणार नाही मी तुम्हाला."

"मी क्षमा—"

"ते नको. त्या दिवशी मी शिडीवर होतो आणि तुम्ही खाली घड्याळ बघत उभे होतात. ते माझ्या डोक्यातून जात नाही. रोज शिव्या देतो मी तुम्हाला. आज दोन दिल्या, तुम्ही यायच्या आधी. बोर्ड लागेल तेव्हा लागेल. चहा मात्र मी तुम्हाला विचारणार नाही."

त्याचे बरोबर आहे. मी उभा होतो.

१९ मार्च

दुपारी धाकट्याच्या कार्यालयात गेलो. तक्रारीच्या खिडकीपुढे सहा माणसे होती. मी सातवा उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा त्याने मान वर न करता विचारले, "काय तक्रार आहे?" मग पाहिले.

मी कागद आत सरकवला. "तुझी सही राहिली आहे."

मागचा माणूस कुरकुरला, "अहो, घरचं घरी बघा ना!" धाकट्याने त्याला हाताने थांबवले आणि वाचू लागला. त्याची बोटे एका ओळीवर थांबली. '...निम्नस्वाक्षरीकार मालकाने अनवधानाने केबलमध्ये ग्रीस भरल्यामुळे...'

"हे काय लिहिलंयस? अनवधानानं?"

"विधिसंमत शब्द आहे. हेतू नव्हता, एवढेच—"

"दर पंधरवड्याला पिचकारी घेऊन गुडघ्यावर बसायचास तू. जीभ बाहेर काढून. केबलच्या दोन्ही तोंडांतून ग्रीस बाहेर आल्याशिवाय उठायचा नाहीस. लक्ष नव्हतं म्हणतोस?" त्याने लाल पेन उचलून तो शब्द आडवा खोडला. मग खाली सही केली आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला. "आता पाठव. पुढे या, कोण आहे?"

घरी येऊन स्वच्छ प्रत काढली. खोडाखोड असलेला कागद मी कुठेही पाठवत नाही. पण मग सही राहिली असती. म्हणून तोच, लाल रेघेसकट, पाकिटात घातला. वाक्य पुन्हा वाचून पाहिले. त्या शब्दाविना ते पूर्ण आहे.